सेवा कुणी करायची?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या सत्राचं नाव आहे ‘पार्किन्सन्सच्या रुग्णाची काळजी’. तुमच्यापैकी काहीजणींना वाटलं असेल, हा डॉक्टरांचा विषय आपल्या शिबिरात कशाला? मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, गेली काही वर्षं पार्किन्सन्स झालेल्या रुग्णांच्या कुटुंबांबरोबर काम करते आहे, आणि माझ्या सासूबाईंनाही सात वर्षांपासून हा आजार आहे. घर आणि काम असे दोन्हीकडचे अनुभव जमेला धरून मी म्हणते, की हा विषय आपलाच आहे. कारण या आजारात औषध डॉक्टर लिहून देतात, पण ते लागू पडतं की नाही हे घरातल्या कुणाच्या तरी हातांवर अवलंबून असतं. ते हात बहुतेक वेळा बाईचे असतात.

आधी आजाराची थोडी ओळख करून घेऊ. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. आपल्याकडे ‘कंपवात’ म्हणतात. हे नाव थोडं फसवं आहे, कारण सगळ्याच रुग्णांचे हात थरथरत नाहीत. काहींच्या हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, तोल जातो. मेंदूच्या एका भागातल्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन तयार करतात, आणि आपल्या हालचाली सुरळीत होण्यासाठी ते लागतं. या पेशी हळूहळू मरत जातात. त्या का मरतात, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. मेलेल्या पेशी परत आणणारं औषधही नाही. आजार संसर्गजन्य नाही, आणि तो कुणाच्या पापाचं फळही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण वस्त्यांमध्ये आजही करणी आणि बाहेरची बाधा यांवर पैसा खर्च होतो.

हालचालींखेरीजही बरंच काही होतं. बद्धकोष्ठता, वास न येणं, झोप बिघडणं, उदास वाटणं यांतली काही लक्षणं तर कंप सुरू होण्याच्या आधी कित्येक वर्षं दिसू लागतात. आवाज बारीक होतो, अक्षर लहान होत जातं, गिळायला त्रास होतो. चेहऱ्याचे स्नायू ताठरले की चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. माझ्या सासूबाईंचा चेहरा असा झाला, तेव्हा शेजारणींनी आपसात ठरवून टाकलं, की सून बोलली असणार काहीतरी. बघा, आजाराचं लक्षणसुद्धा शेवटी सुनेच्या खात्यावर जमा होतं!

आता औषधाकडे येऊ, कारण बाईच्या कामाचं मूळ तिथे आहे. या आजारावरचं मुख्य औषध लेव्होडोपा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा वापर रुळला आणि आजही त्याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध नाही. सोबत बहुधा कार्बिडोपा असतं, म्हणजे लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोचण्याआधी वाटेतच खर्ची पडत नाही. गोळीचा परिणाम काही तासांपुरताच राहतो. पहिली काही वर्षं बरी जातात. पुढे हा परिणामाचा काळ आखडत जातो. गोळी ‘चढलेली’ असते तेव्हा माणूस चहाचा कप स्वतः उचलतो. ती ‘उतरली’ की त्याला खुर्चीतून उठता येत नाही. म्हणून दहाची गोळी दहालाच द्यावी लागते. अर्धा-पाऊण तास उशीर झाला, तर पुढची सगळी दुपार बिघडू शकते. शिवाय काही रुग्णांत दूध, डाळ, अंडी, मटण असा प्रथिनांचा आहार गोळीबरोबर पोटात गेला, की गोळी नीट लागू पडत नाही. म्हणून गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवायला डॉक्टर सांगतात.

हे ऐकायला सोपं आहे. पण अंतर ठेवायचं म्हणजे घरातल्या एका माणसाचं ताट वेगळ्या वेळी वाढायचं. म्हणजे स्वयंपाकाची वेळ बदलायची, गरम करायला पुन्हा उठायचं, आणि दहाची गोळी घरात द्यायची तर दहाला कामावर असलेलं चालणार नाही. घरात जिची नोकरी ‘सोडण्यासारखी’ ठरते ती कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या कुटुंब-गटात आम्ही एक खेळ घेतो. चार्टपेपरवर मोठं घड्याळ काढायचं, चोवीस तासांचे चोवीस भाग पाडायचे आणि काल रुग्णासाठी घरातल्या कुणी काय केलं ते प्रत्येक भागात लिहायचं. एकदा एका घरातले तिघं आले होते, आई, मुलगा आणि सून. मुलगा आधीच म्हणाला, “बाबांचं सगळं मीच बघतो.” त्याच्या नावावर दोन नोंदी आल्या, औषधं आणणं आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे नेणं. त्या कामांना मोल नाही असं मी म्हणत नाही. सुनेच्या आणि सासूच्या नावावर आलं ते असं : पहाटेची गोळी, उठवून बसवणं, कमोडपर्यंत नेणं, तोंड धुणं, अंघोळ, बटणं लावणं, घास बारीक करून भरवणं, सांडलेलं पुसणं, लाळेचे रुमाल धुणं, चार वेळा गोळ्या, व्यायाम, संध्याकाळी धरून फेऱ्या मारणं, रात्री दोनदा कूस बदलून देणं, तीन वाजता लघवीला नेणं आणि ओली चादर बदलणं. घड्याळात मोकळा भागच उरला नाही. मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, “रात्रीचं मला माहीतच नव्हतं.” तो त्याच घरात झोपत होता!

हे एकट्या त्याच्या घरातलं चित्र नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. घरातल्या माणसांच्या संगोपन-शुश्रूषेत बायकांची १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६. आणि हे आकडे जे ही कामं मुळात करतात त्यांचे आहेत. न करणाऱ्यांची गणती त्यात नाही.

आपल्या चळवळीनं घरकामाच्या श्रमांबद्दल खूप लिहिलं, बोललं. पाळणाघरांची मागणी केली, बाळंतपणाच्या रजेसाठी लढे दिले. २०१७ पासून कायद्यानं पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पण म्हाताऱ्या माणसाच्या दीर्घ आजारातली शुश्रूषा आपल्या मागण्यांच्या यादीत तळाशीच राहिली. मला वाटतं, त्याचं एक कारण ‘सेवा’ हा शब्द आहे. स्वयंपाकाला आपण श्रम म्हणायला शिकलो. सासू-सासऱ्यांची, नवऱ्याची सेवा म्हटलं की मात्र आपली जीभ अडखळते. यमाच्या मागे गेलेल्या सावित्रीची गोष्ट लहानपणापासून कानावर पडलेली असते. सेवेचा हिशेब मागणारी बाई स्वार्थी, हे आपल्याही मनात कुठेतरी बसलेलं असतं.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात पालकांची जबाबदारी मुलगा-मुलगी, नातू-नात यांच्यावर टाकली आहे. मूळ कायद्याच्या त्या व्याख्येत सून नाही. पण प्रत्यक्षात जबाबदारी मुलाची आणि काम सुनेचं! आमच्या घरीही नातेवाईक म्हणाले, “सून समाजकार्यवाली आहे, म्हणजे प्रश्नच मिटला.” तो मिटू द्यायचा नाही असं मी आणि माझ्या जोडीदारानं ठरवलं. सकाळी सहाची गोळी आणि अंघोळीची तयारी त्याच्याकडे, दहाची आणि दोनची सासऱ्यांकडे, संध्याकाळची माझ्याकडे, आणि रात्र एकाआड एक. सासऱ्यांनी आयुष्यात कधी वरणभात लावला नव्हता. पंचाहत्तराव्या वर्षी ते कुकर लावायला शिकले. सासूबाईंना आधी फार संकोच वाटला. “मुलानं आईचं असलं करायचं का?” असं म्हणून त्या रडल्या. हळूहळू तो संकोच गेला. वाटणी सहज झाली नाही, अजूनही कुरबुरी होतात. पण ती होऊ शकते, एवढंच मला सांगायचं आहे.

आता मी जे बोलणार आहे ते डॉक्टरांच्या माहितीपत्रकात बहुधा कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. आपल्यापैकी ज्या सल्ला केंद्रांवर बसतात, त्यांनी ते नीट ऐकावं.

पार्किन्सन्स पुरुषांमध्ये बायकांपेक्षा जास्त, साधारण दीडपट आढळतो. म्हणजे काळजी घेणाऱ्यांत बायकोच मोठ्या संख्येनं असते. या बायकोच्या वाट्याला तीन गोष्टी येऊ शकतात.

पहिली झोपेतली. या आजारात अनेक रुग्ण स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्षात करतात. ओरडतात, लाथा झाडतात, शेजारी झोपलेल्या बायकोला ठोसा बसतो. सकाळी नवऱ्याला काही आठवत नाही. हा मेंदूचा विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पण तोवर तिनं मार खात शेजारी झोपायचं कारण नाही. बिछाना वेगळा करावा, खाट खाली घ्यावी, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवाव्यात.

दुसरी गोष्ट औषधांची. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांचा स्वतःवरचा ताबा सुटतो. कुणी जुगारात पैसे उडवतो, कुणी सारखी खरेदी करतो, कुणी बायकोकडे दिवसरात्र शरीरसंबंधाची मागणी करतो. आमच्या गटातल्या साठी उलटलेल्या एका ताईंनी बैठक संपल्यावर, सगळ्या गेल्यानंतर, मला हे सांगितलं. दोन वर्षं त्या गप्प होत्या. “या वयात हे कुणाला सांगू? लोक मलाच हसतील,” म्हणाल्या. आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी औषधाचं प्रमाण बदललं आणि काही आठवड्यांत त्रास खूप कमी झाला. दोन वर्षांत त्यांना कुणी एक प्रश्न विचारला असता, तर एवढं सोसावं लागलं नसतं. इथे एक सावधगिरी सांगते : ही औषधं आपल्या मनानं एकदम बंद करायची नाहीत, ते धोक्याचं असतं. आणि कारण औषध असलं, तरी बाईचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क तसाच राहतो.

तिसरी गोष्ट भास आणि संशयाची. आजार वाढल्यावर काहींना नसलेली माणसं दिसतात. काहींना वाटू लागतं, की बायकोचे कुणाशी तरी संबंध आहेत. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे ऐकावं लागतं. ती सल्ला केंद्रात आली, तर ‘म्हातारा संशयी आहे’ एवढंच लिहून घेऊ नका. आजार कोणता, औषधं कोणती, हे कधीपासून सुरू झालं, असं विचारा.

आणि याच्या उलट बाजूही आहे. सगळंच आजारावर ढकलता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईला नवऱ्यानं तीस वर्षं मारलं. आता तो अंथरुणाला खिळला आहे. नातेवाईक म्हणतात, “झालं गेलं विसर, आता त्याला तुझ्याशिवाय कोण आहे?” ती मला म्हणाली, “ताई, त्याला अंघोळ घालताना माझेच हात कापतात. आजार त्याला, आणि कापते मी.” आम्ही तिला क्षमेचा उपदेश केला नाही. मुलांना आणि दिरांना बोलावलं आणि तिला सगळ्यांसमोर विचारलं, की तू काय करशील आणि काय करणार नाहीस? तिनं सांगितलं, स्वयंपाक करीन, गोळ्या देईन, अंगाला हात लावणार नाही. आता अंघोळ मुलगा घालतो आणि आठवड्यातून तीन दिवस पगारी माणूस येतो. रुग्णाची आबाळ झाली नाही आणि बाईवरची सक्ती गेली. आजारी माणसाला काळजी मिळण्याचा हक्क आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो हक्क एकाच बाईकडून वसूल करायचा नसतो.

बाई स्वतः आजारी पडते तेव्हाचं चित्र आणखी वेगळं. तिचे हात मंदावले की म्हणतात, आळस आला, वय झालं. पोळ्या जाड होतात, भाजी चिरायला तास लागतो, त्यावरून बोलणी बसतात. तिला डॉक्टरांकडे कधी नेतात? आमच्या गटात आलेल्या बऱ्याचजणींच्या बाबतीत, स्वयंपाक अगदीच बंद पडला तेव्हा. काम थांबल्याशिवाय बाईचं दुखणं घराला दिसत नाही.

ज्यांना परवडतं त्या घरांत ब्युरोतून मावशी येतात, बारा-बारा तासांची ड्यूटी करतात. त्यांना साप्ताहिक सुट्टी आहे का, जेवायची वेळ ठरलेली आहे का, रुग्णाला एकटीनं उचलून त्यांची कंबर गेली तर खर्च कोण करतो, हे प्रश्नही आपलेच आहेत. एका बाईची मोकळीक दुसऱ्या बाईच्या पाठीवर उभी करायची नसेल, तर मावशींनाही या चर्चेत आणायला हवं.

मग आपण काय करायचं? मला सुचतं ते सांगते.

एक, आपल्या सल्ला केंद्रांत येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारू या, की घरात दीर्घ आजारी कुणी आहे का, त्याचं कोण करतं, आणि तुला शेवटची सलग झोप कधी मिळाली.

दोन, काही साधं ज्ञान घरोघरी पोचवू या. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, तर रुग्णाला ओढू नये. थांबावं, ‘एक-दोन’ म्हणावं, जमिनीवरची रेघ ओलांडायला सांगावं. पुष्कळदा पाऊल सुटतं. रुग्णालयात भरती केलं तर गोळ्यांच्या नेहमीच्या वेळा कागदावर लिहून परिचारिकेकडे द्याव्यात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमावर दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल या औषधांनी हा आजार बळावतो. म्हणून ‘यांना पार्किन्सन्स आहे’ हे प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी सांगावं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. असे गट तालुक्याच्या गावांत उभे राहायला हवेत, आणि त्यांत काळजी घेणाऱ्यांची वेगळी बैठक हवी, जिथे बाईला रुग्णासमोर न बोलता येणारं बोलता येईल.

तीन, सरकारकडे मागणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं पार्किन्सन्सचा समावेश दिव्यांगत्वात केला आहे. त्याचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढता येतं. निदान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर त्यावर आधारलेल्या बऱ्याच सवलतींसाठी अर्ज करता येतो. आमच्या गटातल्या कित्येक घरांना हे ठाऊकच नव्हतं. याच कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त मदतीची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता देण्याची तरतूद योजनांमध्ये असावी असं म्हटलं आहे. ‘सरकारच्या आर्थिक कुवतीनुसार’ अशी पळवाट त्यात आहे, हे खरं. पण केरळ सरकारनं अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ ही योजना काढली. रक्कम तुटपुंजी आहे, पण हे काम आहे आणि त्याला पैसे द्यायचे असतात, एवढं तरी त्यात मान्य झालं. लेव्होडोपा-कार्बिडोपा देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तरी धुणीभांडी करणारी एक बाई नवऱ्याला दिवसाच्या चार गोळ्यांऐवजी तीन देते आणि महिना ढकलते. सरकारी दवाखान्यात ही गोळी नियमित मिळाली पाहिजे, आणि रुग्णाला दिवसभर ठेवता येईल असं केंद्र वॉर्डावॉर्डांत हवं. पाळणाघर मागताना आपण लाजलो नव्हतो, हे मागतानाही लाजायचं कारण नाही.

भत्त्याबद्दल एक शंका इथे मांडायलाच हवी. पैसे मिळू लागले की ‘आता तुला पगार मिळतो ना’ म्हणून सगळं काम बाईवरच कायमचं शिक्कामोर्तब होईल का? हा धोका आहे. म्हणून भत्त्याबरोबर वाटणीचा आग्रह सोडता येणार नाही. पैसे सरकारनं द्यावेत आणि रात्रीचे तीन वाजता मुलानंही उठावं, या दोन्ही मागण्या एकदमच करायच्या आहेत.

जेवणाच्या सुट्टीनंतर आपण गटांत बसणार आहोत. प्रत्येक गटाला एक चार्टपेपर आणि दोन रंगांचे खडू मिळतील. तुमच्या माहितीतल्या, आजारी माणूस असलेल्या एका घराचं घड्याळ काढा. बायकांची कामं एका रंगानं, पुरुषांची दुसऱ्या रंगानं. मग त्यातली कोणती तीन कामं उद्यापासून रंग बदलू शकतात आणि त्या घरात ते कोण बोलणार, हे नाव घालून लिहा. पुढच्या बैठकीत त्याच कागदांवरून आपण सुरुवात करू.